पोटात ठेवणं

मंगळवारी रात्री प्रकरण सातवं.
बिलिंगचं काउंटर अकराला थंडावतं,
मग मी पुस्तक उघडते, कीबोर्डवरच आडवं.
पानावर कॉफीचा गोल डाग, आधीच्या कुणाचा,
जुन्या पुस्तकाबरोबर फुकट आलेला.

'माहितीची गोपनीयता.' चाळीस पानं.
कुणाला किती दाखवायचं, कशासाठी, कुठल्या फॉर्मवर.
आणि इथे केंटकीच्या या घळीत
खाण बंद पडल्यापासून
कुणाचं काय दुखतं ते
चर्चच्या पार्किंगमध्ये कळतं,
रविवारी, साडेबाराच्या आत.

प्रोफेसर ऑडली पडद्यावरून म्हणाल्या होत्या,
"कायदा म्हणजे तळमजला.
त्याच्याखाली गेलात तर दंड.
वर किती चढायचं, ते मी शिकवू शकत नाही."
नर्सिंग होममध्ये चादरी मोजणारा ड्वेन
माईक बंद करायला विसरला होता,
त्याच्या घरी कुणीतरी बटाटे तळत होतं.
ते वाक्य मला तेलाच्या चरचरीसकट पाठ आहे.

एक वाजून दहा मिनिटं. अ‍ॅम्ब्युलन्स.
स्ट्रेचरवरून लोंबणारा बूट मी ओळखला,
डाव्या टाचेला चंदेरी चिकटपट्टी.
थँक्सगिव्हिंगच्या दिवशी मीच लावलेली.

हर्शेल. माझा धाकटा भाऊ.

आतलं दार मिटलं.
थोड्या वेळानं नाव माझ्या स्क्रीनवर आलं,
इतर नावांच्या खाली, आडनाव आधी,
उजवीकडे एक छोटी निळी खूण.
तिच्यावर टिचकी मारली की सगळं उघडतं:
रक्तात काय सापडलं,
आणि याआधी कितीदा.
पासवर्ड माझा, बोटंही माझीच.
आणि पान दोनशे एकोणीस:
बघण्याचा हक्क नात्यातून येत नाही,
कामातून येतो.

मी खुर्ची मागे सरकवली.
पलीकडच्या टेबलावरच्या इमोजीनला म्हटलं, "हे खातं तू घे."
"का गं?"
"माझं आहे म्हणून."
ती काही बोलली नाही. विणकाम पिशवीत ठेवलं
आणि चष्मा पुसत बसली, गरजेपेक्षा जास्त वेळ.

मग फोन. मम्मा.
घळीत बातमी अ‍ॅम्ब्युलन्सच्या दिव्यांपुढे धावते.
"तू तिथंच आहेस ना? काय झालंय त्याला?"
"मला माहीत नाही."
खरंच माहीत नव्हतं.
इतकं खरं बोलताना
जीभ अशी कधी अडखळली नव्हती.
"तुझ्यासमोर कॉम्प्युटर आहे, व्हर्लीन."
"आहे."
"मग?"
"गाडी सावकाश चालव. डॉक्टर तुला सांगतील."
तिनं फोन ठेवला नाही, मीही नाही.
तिच्याकडचा फ्रीज घरघरत होता.

पोटात ठेवणं म्हणजे
कळलेलं गिळून गप्प बसणं, असं मी समजायचे.
न कळलेलंही ठेवावं लागतं पोटात,
आणि ते जास्त जागा खातं.

पावणेतीनला ती आली, घरातल्या सपातांत,
माझ्याकडे न बघता आत गेली.
साडेचारला बाहेर आली.
चेहऱ्यावरून काही वाचता येईना,
आणि विचारायला तोंड मी माझ्या हातानं बंद केलेलं.
तिनं काउंटरवर बूट ठेवला, बिलांच्या गठ्ठ्यावर.
"पट्टी सुटलीय," म्हणाली.
मी ड्रॉवरमधून रोल काढला,
टाच कोरडी पुसली, दोन वेढे दिले,
टोक दातांनी तोडलं.
ती बूट काखेत मारून पुन्हा आत गेली.
एवढंच कळलं मला त्या रात्री,
की बूट लागणार आहे.

शनिवारच्या परीक्षेत प्रश्न चौथा:
तुमच्या ओळखीची व्यक्ती दाखल झाली आहे.
नोंदी तुम्हाला उघडता येतात. काय कराल?
दोनशे शब्दांत, कारणांसह.

मी साठ लिहिले.
बुटाचं लिहिलं नाही, इमोजीनच्या चष्म्याचं नाही,
मम्मा अजून रविवारी माझ्या बाकावर बसत नाही,
तेही नाही.
पेपर परत आला. दहापैकी सहा.
शेजारी लाल शाईत, बारीक अक्षर:
'निर्णय योग्य. कारणं त्रोटक.'