प्रश्न सदतिसावा

जेवणं उरकली की बानरी पुस्तक माझ्या मांडीवर ठेवते.
"मामा, तू वाच, मी उत्तर देते.
आणि मध्ये बोलायचं नाही."

जोवाईची थंडी. शब्दाशब्दाला वाफ.
शेगडीकडे सरकून, चष्मा पुसून मी वाचतो:
आधी तत्त्व, मग वस्तुस्थिती, मग चार पर्याय,
एका आईचे चार लेक,
त्यातला एकच खरं बोलणारा.

बावीस वर्षं मी गावच्या दरबारात बसलो.
आमच्याकडे तत्त्व शेवटी यायचं,
कधी यायचंच नाही.
आधी सुपारी फिरायची.
मग ज्याची गाय गेली तो रडायचा,
ज्याने बांधून ठेवली तो छताच्या वाशांकडे बघायचा,
आणि कुणीतरी म्हातारा त्या दोघांच्या आजोबांची गोष्ट काढायचा.
बायकांना आत जागा नव्हती.
बानरीची आई कुडाला कान लावून ऐकायची
आणि घरी आल्यावर माझा निकाल फिरवायची.

म्हणून मला राहवत नाही.
"हा 'ख' कोण? घर आधी त्याचं की 'क'चं?
दोघांत बोलणं होतं का?"
"मामा, ते दिलेलं नाही."
"म्हणजे?"
"दिलेलं नाही ते नसतंच.
तत्त्व चुकीचं वाटलं तरी तेच धरायचं.
आपलं शहाणपण चपलांसारखं दाराबाहेर काढून ठेवायचं."

परीक्षा शिलाँगला, डिसेंबरात.
हिच्या मोबाईलवर सेकंद पळतात.

सदतिसावा.
तत्त्व: जो आपल्या जमिनीवर धोक्याची वस्तू साठवतो
आणि ती निसटून दुसऱ्याचं नुकसान होतं,
तो जबाबदार, त्याने कितीही काळजी घेतलेली असो.
वस्तुस्थिती: 'क'च्या आवारात रसायनाची टाकी होती.
टाकी फुटली. 'ख'च्या तळ्यातले मासे

इथे माझी जीभ अडखळली.
"मेले," ती म्हणाली. "मेलेच असणार. पुढे वाच."

माझ्या नावावर कोळशाचे तीन खड्डे होते.
पावसाळ्यात त्यांतून पाणी उतरायचं, गंजलेल्या पत्र्याच्या रंगाचं.
खालच्या अंगाला बॉर्नवेल सुचियांगचं तळं.
एका सकाळी तो दरबारात आला
आणि वेताची टोपली त्याने मधोमध पालथी केली.
पांढरी पोटं. वास.
निकाल द्यायला मीच बसलेलो.
मी म्हणालो, पाणी उताराला जातं,
त्यात माणसाचा काय दोष?
माना डोलल्या. निम्म्या मानांचे स्वतःचे खड्डे होते.
तो काही बोलला नाही.
मासे पुन्हा टोपलीत भरले, एकेक,
जणू कुणी मोजून परत मागणार होतं.
पुढच्या वर्षी तो गुवाहाटीला गेला,
कुठल्याशा बँकेच्या दाराशी बंदूक घेऊन उभा राहायला.

"'क' जबाबदार. पर्याय दुसरा," बानरी म्हणाली.
"अकरा सेकंद!"

"आणि 'क'ला माहीतच नसेल तर?"
"चालत नाही. तत्त्व बघ: कितीही काळजी घेतलेली असो."
"आणि त्या गावात सगळेच तसं करत असतील?"
"मामा, ते दिलेलं नाही."

नाही दिलेलं.
हिच्या क्लासची फी कुठून आली, तेही नाही.
हा मोबाईल. हिच्या अंगावरची लोकरी शाल.
शेगडीतला कोळसा तडकला,
आम्ही दोघांनी एकदमच तिकडे पाहिलं.

"झोप आली का तुला?"
"नाही," मी म्हणालो, आणि पान उलटलं.

अडतिसावा.
तत्त्व: समोरचा गप्प राहिला, एवढ्यावरून त्याची संमती धरता येत नाही.

मी ते पुन्हा वाचलं.
"एकदाच, मामा," ती बोटांवर फुंकर घालत म्हणाली.
"तिथे मला कुणी दोनदा वाचून दाखवणार नाही."