पाणसळ

कपाटात प्रयोगाचं सामान होतं, एकोणीस नग,
नोंदवहीत प्रत्येकाला नंबर.
फुटलं तर भरून कोण देणार, म्हणून
काचेच्या नळ्या वर्षानुवर्षं कोरड्या.
किल्ली माझ्याच पर्समध्ये.
सातवीला मी फळ्यावर नळी काढायचे,
निळ्या खडूनं तिच्यात पाणी भरायचे
आणि फळ्यावरचं पाणी
कधी म्हणून चुकलं नाही.

मग एकदा भिंतीवरून भांडण लागलं.
अलीकडे आमची मराठी शाळा, पलीकडे कन्नड,
एकाच मैदानाचे दोन तुकडे,
आणि कुणाचं अंगण उंच
यावर मधल्या सुट्टीत पोरं भिंतीवर चढलेली.
आमचंच, म्हणाली आमची.
नम्दु, म्हणाली त्यांची.
राजहंसगड दोघांनाही दिसत होता,
त्याला कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी भरमू कुगजी
दप्तराऐवजी पाईप घेऊन आला.
बारा हात, आरपार दिसणारा, बापाच्या कामावरचा,
एका टोकाला सिमेंट वाळलेलं.
बाप गवंडी. आई उद्यमबागेत कास्टिंग घासते.
भरमूला वाचताना जोडाक्षर अडतं,
फळ्याकडे बघताना झोप येते.
म्हणाला, बाई, मोरीच्या भोकातनं पलीकडं घालूया.

घातला. पलीकडचं टोक धरलं शिवलीलानं,
अलीकडचं भरमूनं, वरून तांब्यानं पाणी.
म्याल! स्वल्प म्याल!
भिंतीवर बसलेला ईराप्पा ओरडतोय,
आमची पोरं त्याच्यामागून म्याल म्याल.
विटेच्या तुकड्यानं दोन्हीकडे खुणा झाल्या,
टेप लावली,
आणि त्यांचं अंगण निघालं
आमच्यापेक्षा दीड फूट उंच.

असं कसं?
डोळ्यांना दिसतंय तसं नाही,
पायांना लागतंय तसं नाही.
मी म्हणाले, पाणी आपली पातळी समान राखतं.
धडा मला पाठ आहे.
पाणी मात्र ऐकेना.

भरमू जमिनीवर आडवा झाला,
पाईपला गाल लावून,
नखानं टिचक्या मारत मारत सरकला
आणि मोरीच्या तोंडाशी थांबला.
बाई, वारं बसलंय.
खरंच, शेंगेतल्या दाण्यांसारखे
पाच-सहा बुडबुडे एकामागं एक,
पाण्याची वाट अडवून.
त्यानं ते हुसकावून, चेपून, थोपटून बाहेर काढले,
एखाद्या तान्ह्याची ढेकर काढावी तसे.
बावीस वर्षं शिकवते आहे मी.
माझ्या खडूच्या पाण्यात
एकदाही वारं बसलं नव्हतं.

आता खूण ते जमीन:
आमच्याकडे दोन फूट सात इंच,
त्यांच्याकडे दोन फूट अकरा.
आम्हीच उंच! चार इंच!
पोरांनी ताटं वाजवली.
भरमू वाजवत नव्हता.
तो मोरीकडे बघत होता.
खिचडीनंतर दीडशे ताटांचं खरकटं पाणी
जिथून रोज जातं,
तिकडे.

भिंतीपलीकडून शिवलीला म्हणाली,
अगदी सावकाश, आम्हाला समजावं म्हणून:
निम्म नीरु, टीचर. दिना बरतैति.

नीरु एवढं कळतं आम्हाला.
निम्म सुद्धा कळतं.
रोज त्यांच्या पायरीशी साचतं ते
तुमचं.

शनिवारी चर खणला, आमच्याच बाजूनं,
केळीच्या दोन खुंटांपर्यंत.
फुटाला एक सूत उतार, भरमू सांगत होता,
त्याहून जास्त दिलास तर पाणी पळतं, घाण मागं राहते.
हे कुठल्या पुस्तकात आहे मला माहीत नाही.
हिरेमठ सरांनी पलीकडून दोन फावडी दिली.
एक अजून आमच्याकडेच आहे.

सोमवारी मी कपाट उघडलं.
तासाभरात एक नळी फुटली,
सगळा वर्ग माझ्या तोंडाकडे बघत राहिला.
मी नोंदवही काढली, लिहिलं:
नग एक. क्रमांक सात.
कारण या रकान्यात
पहिल्यांदाच एक शब्द:
वापरताना.