नियम सतरा, पोटनियम तीन

सिव्हिल लाइन्स, दुसरा मजला.
शिपायाने कूलरमध्ये सकाळीच दोन बादल्या ओतल्यात,
वाळ्याच्या वासात फडफडतोय कागद:
भूगर्भातील कर्बवायू साठवण नियम, मसुदा चौथा.

व्याख्या माझ्याकडे आहेत.
'साठा', 'गळती', 'परवानाधारक' झाले.
'कायमचे' अडलंय.
विधी शाखेने त्यावर लाल रेघ मारली:
मुदत नमूद करावी.

मग तीस वर्षं कंपनीची,
पुढे शासनाची.
तीस वर्षांनी मी नसेन या खुर्चीत,
खुर्चीही नसेल, तिचा एक पाय आत्ताच विटेवर आहे.
वायू मात्र असेल, आठशे मीटर खाली,
दगडाच्या छिद्रांत अंग चोरून.
त्याला कोणी कळवायचं,
आजपासून तुझा मालक बदलला?

जनसुनावणी झाली खापरखेड्याच्या पलीकडे, शाळेत.
पडद्यावर हिरवे-निळे थर, खाली जाणारे बाण.
कंपनीचा माणूस म्हणाला, वरचा खडक म्हणजे
कुकरचं झाकणच समजा.
पुढच्या रांगेतल्या बाया हसल्या.
कुकर त्यांना माहीत होता.

मग उठले झिबल नारनवरे,
एकतीस वर्षं खाणीत, रेती भरणाऱ्या टोळीत.
"कोळसा काढला का त्या जागी रेती भरो आमी.
मोजून. सायेब सही करे.
तरी माह्या भावाची विहीर खचली.
सही असंन अजून कुठं तरी.

आन् थो वायू मले ठाऊक हाय.
खाली बसते, पान्यावानी.
ना रंग, ना वास.
दिव्याची वात बारीक झाली
का मांगं फिराचं, कोनाले इचाराचं नाई.
तुमच्या कागदात
दिवा कोनत्या कलमात हाय?"

इतिवृत्तात मी लिहिलं:
ग्रामस्थांनी सुरक्षेबाबत विचारणा केली.

परतताना कोराडीच्या चिमण्या दिसत राहिल्या,
जीपच्या आरशात, मग आरशातही नाही.

रात्री नियम सतरा, पोटनियम तीन, 'संनियंत्रण',
त्याच्या समासात शिसपेन्सिलीने एक शब्द टाकला:
दिवा.

फाईल वर गेली. नवव्या दिवशी उतरली.
हिरव्या शाईत:
'संदर्भ बोध होत नाही. खुलासा सादर करावा.'

खुलासा लिहायला बसले आहे.
कूलरचं पाणी केव्हाच संपलंय,
पंखा गरम वारं फेकतोय तोंडावर.
'महोदय, उपरोक्त विषयान्वये सादर करण्यात येते की,
तो खाली बसतो, पाण्यासारखा,'

इथवर झालंय.