धोट्याचा अर्ज

अठ्ठेचाळीस तास आधी कळवायचं असतं म्हणे.
मी पाच दिवस आधी कळवलं.
नऊ रकाने, चार झेरॉक्स,
रेबीजच्या सुईचा दाखला,
आणि जनावरांच्या दवाखान्यातल्या बिराजदार डॉक्टरांचं पत्र :
'कुत्रा प्रवासास योग्य.'
मी योग्य की अयोग्य
ते कुणी विचारलं नाही.

"जात?" फोनवरच्या पोरानं विचारलं.
म्हटलं, पद्मशाली.
तो गप्प. मग हळूच, "कुत्र्याची, मॅडम."
लॅब्राडोर.
पण वाढलाय साखर पेठेत, पॉवरलूमच्या भिंतीला टेकून,
निम्मा आमच्यातलाच धरा की ओ.
नाव धोटा. अप्पांनी ठेवलं.
ह्या काठापासून त्या काठापर्यंत
जातो, येतो, धागा तुटू देत नाही.

प्रवासाचं कारण : उपचार, परीक्षा, नोकरी.
तीनच चौकोन.
बहिणीच्या पोरानं वाचून दाखवले, दोनदा.
पेन हातात धरून बसला बिचारा.

होटगी रोडला मौलालीची रिक्षा.
"कुत्तेकू बी विमान? हमकू कब, अक्का?"
हसत हसत त्यानं दहा रुपये कमी घेतले,
का, ते सांगितलं नाही.

काउंटरवर नवा माणूस, नवी सुपारी, नवाच नियम.
पाळीव की सेवेतला?
सेवेतला.
पट्टा आहे, हार्नेस आहे, मुसकं पिशवीत आहे,
लागलं तर काढीन. नाही लागणार.
कागद उलटे-सुलटे झाले. कुणाला तरी फोन लागला, कटला, लागला.
"आज्ञा पाळतो हे बघावं लागेल."
बघा.

"सिट."
धोटा उभा.
"बैठो. बैठ जा. बस, बस रे."
धोटा उभाच.
मागच्या रांगेत कुणीतरी घड्याळाबद्दल बोललं,
कुणाच्या तरी बॅगेचं चाक अस्वस्थ झालं.
मी फार ताणलं नाही. म्हटलं,
"कूर्चो."
बूड टेकल्याचा आवाज फरशीतून माझ्या चपलेत आला.

"ही कुठली भाषा?"
आमच्या घरातली. आई ह्याच भाषेत रागावते,
मी ह्याच भाषेत उठते-बसते,
त्याला वेगळी कशाला शिकवू?

झडतीच्या पडद्याआड हातमोज्यातली एक बाई
माझे खांदे चाचपता चाचपता थांबली.
खाली वाकून कुजबुजली, "पद."
चल, म्हणजे.
किती वर्षांनी तो शब्द तोंडात आला असेल तिच्या, कोण जाणे.
धोटा हलला नाही.
वाईट वाटू देऊ नको, मी म्हटलं, ड्यूटीवर आहे तो.
"मीपण," ती म्हणाली.

मला खिडकी दिली.
कुत्र्यानं वाट अडवायची नाही, असा नियम.
खिडकी! घरी सांगितलं तर अप्पा दिवसभर हसतील.
शेजारच्यानं पाय वर घेतले, मग बेल दाबली,
मग उठून गेला. नियमात त्याचीही सोय आहे.
त्याच्या जागी शेंगा-चटणीचा वास येऊन बसला,
पुडी पायाशी ठेवू लागला,
मी म्हटलं, वरती ठेवा, सेवेत असला तरी कुत्राच आहे.

खाली काहीतरी अंथरायचं, हेही लिहिलेलं.
मी चादर आणली होती.
एका कोपऱ्यात वीण चुकलेली, विकली न गेलेली,
बोटानं अजून सापडते ती चूक.
धोट्यानं नेमकं तिथंच नाक ठेवलं.

मग पंखे सुरू झाले.
सबंध विमान थरथरलं, खडखडलं,
कुणी देवाचं नाव घेतलं, कुणाचं मूल रडलं.
आणि हा
जांभई देऊन झोपला,
दुसरी पाळी लागल्यावर गल्लीत झोपायचा तसा.

गोव्यात काय काम, चटणीवाल्यानं विचारलं.
दवाखाना?
नाही.
मग कुणी नातेवाईक?
नाही हो.
त्या तीन चौकोनांच्या खाली, समासात,
बहिणीच्या पोराकडून मी लिहून घेतलंय :
हौस.
अक्षर कसं आलंय देव जाणे.
अर्ज मात्र परत आला नाही.