रीडिंग

छत्तीस वर्षं मी लोकांच्या जिन्याखाली वाकून
विजेचे मीटर वाचले. भायखळा, माझगाव, शिवडी.
बॅटरी पेटवायची, आकडा लिहायचा, निघायचं.
वर कोण रडत होतं, कोण कुणावर रुसलं होतं,
त्याला माझ्या वहीत रकाना नव्हता.

आता प्रतीक्षानगर, सहावा मजला.
दर्शना कामावर गेली की
कस्तुरी आणि मी.

सुरुवातीला ती नुसती रडायची.
भुकेचं, ओल्याचं, झोपेचं,
मला सगळं एकच वाटे.
"नाही हो बाबा, नीट ऐका," दर्शना म्हणे.
मी ऐकायचो. एकच वाटे.

मग एका मंगळवारी दुपटं बदलताना
ती माझ्याकडे बघून हसली.
मी मागे वळून पाहिलं,
कोण आलंय म्हणून.
कुणी नव्हतं.

चौथ्या महिन्यात मी शिंकलो
तर खदखदून हसली, अंगभर.
त्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत खोटं खोटं शिंकत होतो.
समोरच्या गवाणकर वहिनींनी
गवती चहाचा काढा पाठवून दिला.

मोतीबिंदू काढून घरी आलो तेव्हा
ती आठ महिन्यांची होती.
माझा काळा चष्मा पाहिला
आणि भोकाड पसरून आईच्या मानेत शिरली.
मला राग आला. खोटं कशाला बोलू,
अडुसष्ट वर्षांच्या माणसाला
आठ महिन्यांच्या पोरीचा राग आला.
डॉक्टरांनी काढू नका म्हटलेला चष्मा काढला.
तिचा हुंदका अर्ध्यावर अडकला.
बराच वेळ पाहिलं.
मग माझं नाक धरून ओढलं,
खात्री केल्यासारखं.

हल्ली दर्शनाच्या चपलेचा आवाज झाला
की ओठ काढते.
आधी तिला ठाऊक नव्हतं, माणूस जातो.
आता कळलंय.
येतोही, हे अजून शिकते आहे.
"सातला येते गं आई," मी म्हणतो,
आणि सातला येते.
तिच्या आजीचं मी तिला काही सांगितलेलं नाही.

कालची गोष्ट.
मागच्या प्लॉटवर टॉवरचा पाया घालताहेत,
कसलंसं यंत्र पहिल्यांदाच दणकलं.
काचा थरथरल्या, कावळे उडाले.
रांगता रांगता कस्तुरी थबकली
आणि तिनं खिडकीकडे नाही,
माझ्याकडे पाहिलं.
भुवया वर, श्वास धरलेला.
विचारत होती: भ्यायचं का?

माझ्या तोंडाकडे बघून
कुणी काही ठरवेल,
असं मला कधी वाटलं नव्हतं.
दर्शनानंही पाहिलं असेल असंच मान वळवून,
एकदा, दहादा.
तेव्हा मी कुठल्या जिन्याखाली होतो
कोण जाणे.

दुसरा दणका बसला.
दचकलो मीच होतो.
पण गाल ताणले, डोळे मोठे केले,
म्हटलं, "धडाऽम!"

तिनं आकडा पडताळून पाहिला.
मग टाळी वाजवली,
म्हणजे एक हात दुसऱ्याला चुकला,
आणि निघाली दाराकडे, चपलांच्या दिशेनं,
मध्ये एकदा थांबून,
वळून,
माझं रीडिंग घेऊन.