बेनिल्द म्हणताना

कागदावर सगळं रीतसर आहे:
नऊशे युरो, पैकी अडीचशे आगाऊ,
फायालहून पिकोला यायचं-जायचं बोटीचं भाडं वेगळं,
ड्रोन हवा असेल तर त्याचेही वेगळे,
वारा सुटून बोट रद्द झाली
तर पैसे परत नाहीत.
खाली सही. आबिलिओ ब्रूम, लग्नांचं चित्रण.

नऊशे युरो म्हणजे तळघरातल्या
चीजच्या किती चकत्या, हा हिशोब मी करत नाही.
करतो. एकशे बारा, आणि वर अर्धी.

आई म्हणते, उधळपट्टी.
देओलिंदामावशीकडे आहे की कॅसेट,
एक्क्याण्णव सालची, तिच्या लग्नाची.
लावायला यंत्र नाही.
नवरा टोरांटोला गेला तो गेलाच.
कॅसेट स्वयंपाकघराच्या खिडकीत
पाचर म्हणून ठोकलीय,
समुद्राचा वारा आला तरी तावदान आपटत नाही.
"तेवढा तरी उपयोग झाला," मावशी म्हणते,
हसते,
आणि कुणाला ती काढू देत नाही.

पण बेनिल्दचा भाऊही तिकडेच,
परक्यांच्या घरांवर छपरं ठोकतो, कागदपत्रांवाचून.
इकडे आला तर पुन्हा आत घेणार नाहीत.
त्याला बहीण दिसायला हवी.
फोन धरून उभा राहायला शेजारचा रुई तयार आहे,
पण रुईनं काढलेल्या प्रत्येक लग्नात
मुख्य भूमिका त्याच्या अंगठ्याची असते.

खरं कारण मी कुणाला सांगितलेलं नाही.
माझं घोडं 'ब'पाशी पेंड खातं.
लहानपणी दुकानात बटाटे मागायचे
तर मी बोट दाखवायचो,
आणि कांदे घेऊन घरी यायचो.
असा मी, प्रेमात पडावं कुणाच्या,
तर बेनिल्दच्या.

चर्चमध्ये पाद्री म्हणेल, माझ्यामागून म्हण:
मी तुझा स्वीकार करतो,
आणि मग ती जागा येईल.
ओठ मिटलेले. गळ्याची शीर
नांगराच्या दोरासारखी ताठ.
सगळं गाव फरशीकडे बघेल.
इतकी चांगली आहेत इथली माणसं.

रविवारी आबिलिओ येऊन गेला.
कॉफी ढवळत, माझ्याकडे न बघता, तिला म्हणाला,
"ते कापता येतं. सांधासुद्धा दिसत नाही."
बेनिल्द म्हणाली, "तेवढा वेळ तो माझ्याकडे बघत असतो."
आणि बशी उचलून आत गेली.

तेव्हापासून झोप नाही.
कारण कापलेला तो माणूस मला दिसतो:
काळा कोट, सफाईदार, नाव घेतो
जसं कुणी ग्लासात पाणी ओततं.
मेव्हणा त्याला टोरांटोत बसून बघेल,
म्हणेल, बरा मिळाला हिला.
मलाही तो आवडतो. वाटेत भेटला तर हात मिळवीन.
फक्त त्याचं लग्न कुणाशी झालंय
ते मला सांगता यायचं नाही.

आज आई गाईंकडे गेल्यावर फोन लावला.
आणि अडलो. नेमका 'बोआ नोइत'वर;
साधा नमस्कार, पण त्याच्याही दारात
तेच अक्षर पहाऱ्याला.
पलीकडे कुठेतरी ताटली वाजली.
खाडीतला वारा, की नुसती तार.
ओव्हनवर सात बावन्न होते,
सात त्रेपन्न झाले.
त्यानं फोन ठेवला नाही.
माझा शब्द त्यानं पुराही केला नाही.

शब्द आला. मागोमाग बाकीचे आले, धक्काबुक्की करत.
"कापायचं काही नाही," मी म्हटलं.
"लांबेल."
"लांबू दे."
"ड्रोन?"
"नको."
मग तो जरा थांबला, आणि आता अडखळायची पाळी
त्याची होती:
चित्रण करणाऱ्यालाही, म्हणजे, पंगतीत
पान असतं ना?