पेटी लगेच उघडायची नाही

उणे चौतीस.
डेल्फीन गोडेटची व्हॅन कर्लिंग हॉलच्या मागच्या दाराला
पाठ लावून उभी राहायची,
आणि मी, चौदा वर्षांचा, बाबांच्या किल्ल्या घेऊन पुढे.

आधी ॲम्प.
मग माइकचा स्टँड, एक पाय स्कीच्या पट्ट्याने आवळलेला.
मग केबली. एक वेटोळं सुलटं, एक उलटं.
"कोपरावर गुंडाळलीस तर आतून मोडते,
आणि कळतं ते नेमकं तिसऱ्या कडव्यात."
मग बिस्किटांचा पत्र्याचा डबा:
कॅपो, जाड-पातळ पिकं,
नखाला चीर गेली तर लावायचा गोंद,
नऊ व्होल्टच्या बॅटऱ्या. त्या जिभेला टेकवून बघायच्या,
झिणझिण्या आल्या तर आजची रात्र निभली.

सगळ्यात शेवटी दोन पेट्या.

"ह्या उघडायच्या नाहीत. दोन तास.
बाळंतिणीसारखं जपायचं, वारा लागू द्यायचा नाही.
लाकूड अजून हायवेवरच आहे रे ओस्ताप,
त्याला इथे पोचू दे."

आणि ती ओलेना ह्रिन्किव्हच्या हातचे पिरोही खायला
स्वयंपाकघरात गेली.

मी चोरणार नव्हतो काही.
फक्त बघायचं होतं.
चार खिट्ट्या, बोटांना चिकटणारं लोखंड,
आत जांभळं मखमल,
आणि देवदाराचा वास, कुणाच्या तरी कपाटातला.
पोटाच्या भोकात साबणाची डबी टांगलेली, तिच्यात ओला स्पंज,
कारण आमच्याकडची हवा लाकडाला पिते.
खांद्याजवळ चिकटपट्टीवर गाण्यांची यादी,
पाचवं खोडून पुन्हा पाचवंच लिहिलेलं.
जिथे तिचा हात टेकायचा
तिथलं पॉलिश पार गेलेलं,
गुडघ्याच्या कातडीसारखं उघडं लाकूड.

टिक.

एवढाच आवाज. मग पुन्हा, टिक टिक,
तळ्यावर पहिला बर्फ धरताना
काठावरून येतो तसा.
माझ्या डोळ्यांदेखत रेघा धावल्या,
पुलापासून भोकापर्यंत, बारीक, आडव्या,
तडा लाकडाला नव्हे, वरच्या लाखेला,
पण चौदाव्या वर्षी हा फरक कोण सांगणार?
मी झाकण लावलं.
झाकण लावल्याने काही झालेलं नसतं, तसं लावलं.

रात्री दिव्याखाली तिने गिटार तिरकी धरली.
बघितलं. माझ्याकडे नाही बघितलं.
खुंट्या पिळल्या, सहावी तार सैल करून खाली आणली,
आणि माइकमध्ये म्हणाली,
"हिची आणि तुमच्या गावाची आज ओळख झाली."
एकशेदहा माणसं हसली.
एकाचे कान जळत होते.

त्यानंतर ती दर दुसऱ्या हिवाळ्याला यायची
आणि मी दरवेळी त्या रेघा मोजायचो.
एकोणीस. वाढल्या नाहीत कधी.
लहान गिटार मध्ये कुठे तरी विकली गेली,
ॲम्प गेला, त्याच्या जागी एक चपटा डबा आला,
इस्त्रीएवढा,
बिस्किटांचा डबा तोच.

यंदा एकच पेटी होती.
मी विचारलं नाही. तिनेच सांगितलं:
बोटं दुखतात, जुनीची मान जाड पडते,
ती भाचीला दिली, मॉन्क्टनला, समुद्राच्या दमट हवेत,
म्हातारपण तिथेच बरं.
ही नवी कार्बनची आहे.
काळी, होडीच्या अंगासारखी.
हिला थंडी नाही, उकाडा नाही, स्पंज नाही,
बर्फात फेकलीस तरी सुरात असते.
"उघड खुशाल," म्हणाली.

मी पेटी रेडिएटरपासून चार हात लांब,
नेहमीच्या बाकावर ठेवली.
घड्याळ बघितलं. साडेपाच.

ती काही बोलली नाही.
कोट न काढता शेजारी बसली,
डब्यातून एक बॅटरी काढून
जिभेला लावली,
आणि माझ्याकडे दिली.